उडता अंगठा

पार्लरवाल्या बाईंना सगळी गल्ली ‘वहिनी’च म्हणे, कारण शेजारच्या खुर्चीवर केस कापणारी त्यांची नणंद दिवसभर तशाच हाका मारायची. वहिनींची जीभ तिखट, हात मात्र लोण्यासारखा. त्याच हाताचा अंगठा एके दिवशी आपणहून उडायला लागला. मग डाव्या तळपायाला मुंग्या, मग गालावर कोळ्याचं जाळं चिकटल्यासारखं. वहिनींनी घाबरून दवाखाना गाठला.

मेंदूच्या डॉक्टरांनी हातोडीनं गुडघे ठोकले, एमआरआय केला, नसा तपासल्या. सगळं नॉर्मल.

“मग हे होतंय तरी काय?”

“ते आज सांगता येत नाही. गंभीर काही दिसत नाही. हाताची ताकद कमी वाटली, तोल जायला लागला, तर लगेच या. नाहीतर सहा महिन्यांनी भेटू.”

‘गंभीर काही दिसत नाही’ हे वहिनींच्या कानात शिरलंच नाही. ‘सांगता येत नाही’ तेवढं डोक्यात घर करून बसलं. पार्लरमध्ये तर भिंतभर आरसे! गिऱ्हाइकाच्या डोक्यावरून त्या स्वतःचंच हसू तपासायच्या, ओठ वाकडा होतोय का म्हणून. रंग लावून झाला की तोल बघायला हळूच एका पायावर उभ्या राहायच्या. मोबाइलवर रोज नवा आजार सापडायचा.

“अगं, काल तर तू दुसऱ्याच आजारानं जाणार होतीस!” नवरा म्हणायचा. वहिनी हसायच्या आणि बाथरूममध्ये जाऊन नेम चुकतोय का ते पुन्हा बोट नाकाला लावून बघायच्या.

एकदा जुन्या गिऱ्हाईक असलेल्या निवृत्त मुख्याध्यापिकांचे केस कापताना अंगठा उडाला. त्यांनी आरशात पाहिलं आणि उठल्याच.

“मी आज तुमच्या नणंदेकडं बसते. अशा दुखण्यात काम सोडलेलंच बरं हो.”

वहिनी आतल्या खोलीत टॉवेलांच्या ढिगावर जाऊन बसल्या. नणंद मागोमाग आली. “वहिनी, खरंच थोडे दिवस घरी राहा.”

“घरी राहून करू काय? अंगठ्याकडं बघत बसू?” वहिनी ताडकन उठल्या. “पुष्कळ केली त्याची चाकरी! हा धर माझा मोबाइल, मी मागितला तरी देऊ नकोस.”

बाहेर येऊन त्यांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, “बायांनो, माझा अंगठा मध्येच उडतो. डॉक्टरांना कारण सापडलेलं नाही. तो उडाला की मी कात्री थांबवते. भीती वाटत असेल तर पलीकडं बसा, पण तिथं ताटकळावं लागेल.”

मग वाट बघत बसलेली एक बस कंडक्टर पोरगी पुढं आली. “एखादी बट गेली तरी चालेल, पण ड्यूटी चुकायला नको.”

भीती काही त्या दिवशी पळून गेली नाही. अजूनही वहिनी एका पायावर उभ्या राहिल्या की नणंद ओरडते, “वहिनी, बगळा!” वहिनी पाय टेकतात; कधीकधी “गप गं!” म्हणून तशाच उभ्या राहतात.

सहा महिन्यांनी तपासणी झाली. पुन्हा नॉर्मल, पुन्हा कारण नाही.

“काही बिघडलं तर धावत येईन डॉक्टर, त्यात मला लाज नाही,” वहिनी म्हणाल्या. “पण आधीपासून रडत बसायला मला सवड नाही.”

मुख्याध्यापिका आजही नणंदेकडंच बसतात आणि दर वेळी विचारतात, “सापडलं का हो कारण?”

“नाही बाई,” वहिनी कात्री चालवत म्हणतात, “तुम्हाला कुठं सापडलं तर तुमच्याकडंच ठेवा!”