वहिनीचा पदर आणि गल्लीचं कौतुक

माझी वहिनी तोंडावर पदर धरून बोलायची आणि जयपूरच्या सोडाला भागातल्या आमच्या गल्लीला त्याचं केवढं कौतुक! समोरच्या घरातल्या वयस्कर बाई, त्यांना सगळे ताईजी म्हणत, आपल्या दोन्ही सुनांना ऐकवायच्या, "देखो, महाराष्ट्र की बहू है, फिर भी कितना लिहाज है." माझ्या डोक्यात तिडीक जायची. लिहाज कसला, मर्यादा कसली डोंबलाची! भुसावळच्या कॉलेजात वक्तृत्व स्पर्धा गाजवलेली मुलगी ही. लग्नात उखाणासुद्धा इतका खणखणीत घेतला होता की मांडवामागच्या आचाऱ्याने मान वर करून पाहिलं होतं.

दादाची रेल्वेत जयपूरला बदली झाली होती. मला तिथल्याच सी-स्कीम भागातल्या एका कंपनीत नोकरी लागली आणि मीही त्यांच्याकडेच राहायला गेले. दोन हजार चार-पाचची गोष्ट असेल. पहिल्या आठवड्यातच माझ्या लक्षात आलं की स्वयंपाकघरात दोघी असलो की वहिनी भिंतीकडे तोंड करून बोलते. गालात सतत लवंग, वेलदोडा, नाहीतर पुदिन्याची गोळी. आणि उपवास तरी किती! सोमवार, चतुर्थी, एकादशी होतेच, त्यात गुरुवार-शनिवारची भर. जयपूरच्या मे महिन्यात ही बाई दुपारपर्यंत पाण्याचा घोट घ्यायची नाही. गल्ली आणखी खूश. बहू धार्मिक पण आहे म्हणे!

अशात वैशाली नगरच्या एका शाळेतून तिला फोन आला. पहिलीच्या वर्गावर एक तास घेऊन दाखवा, पसंत पडलात तर जुलैपासून नोकरी. बी.एड. झालेली, लहानपणापासून शिक्षिका व्हायचं एवढंच जिचं स्वप्न, ती वहिनी म्हणाली, "मला नाही जमायचं. नको म्हणून कळवते."

मी तडकलेच. "वेड लागलंय का तुला? घरात बसून उपवासच करायचे होते तर शिकलीस कशाला?"

तिने लाटणं खाली ठेवलं. "तोंडाला वास येतो माझ्या," ती म्हणाली. "एवढ्याएवढ्या मुलांना जवळ बसून शिकवावं लागतं. लांबून कसं शिकवू?"

"दादाला विचारलंस?"

"विचारलं. म्हणाले, कसला वास, काही नाही."

आमचा दादा म्हणजे भोळा सांब. भाजीत मीठ नसलं तरी झकास झालीय म्हणणारा माणूस. त्याला काय विचारायचं! मग वहिनीने जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. तिने पदर बाजूला केला, माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "तू फटकळ आहेस. तू सांग." आणि सरळ माझ्या चेहऱ्यावर श्वास सोडला.

मला रडू यायचंच बाकी होतं. "येतो गं वहिनी," मी म्हटलं. "बराच येतो."

तिने क्षणभर डोळे मिटले. "बरं झालं बाई, कुणीतरी बोललं." एवढं म्हणून तिने शाळेत फोन लावला आणि तासासाठी जुलैपर्यंतची मुदत मागून घेतली. तिच्या जागी मी असते तर आठवडाभर खोलीतून बाहेर आले नसते.

माझ्या ऑफिसजवळ एक दातांच्या डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी तपासलं आणि सगळं बाहेर आलं. ब्रश केला की हिरड्यांतून रक्त यायचं, म्हणून वहिनी घाबरून दातांवरून नुसता ब्रश फिरवल्यासारखं करायची. त्यामुळे दातांच्या मुळाशी कीटण जमून हिरड्या सुजलेल्या. पोटात काही गेलं नाही तर वासही येणार नाही, असा हिचा हिशेब, म्हणून उपवास वाढवलेले. अन् उपवासाने तोंड कोरडं पडून वास वाढतच गेलेला! लवंगेने तो घटकाभर झाकला जायचा, इतकंच. डॉक्टरीणबाईंनी दात साफ करून दिले. रात्री झोपताना ब्रश, दातांच्या फटीतून दोरा, जीभ अगदी मागपर्यंत घासायची आणि दिवसभर पाणी, असं बजावलं. वहिनीने ते सगळं नेमाने केलं.

जादाचे उपवास अर्थातच सुटले. भाजीच्या गाडीपाशी ताईजींनी सगळ्यांदेखत विचारलं, "बहू, व्रत छोड़ दिए क्या?"

"मुंह से बू आती थी, ताईजी," वहिनी तितक्याच मोठ्याने म्हणाली. "डॉक्टर ने कहा है, पानी पिया करो."

भाजीवाल्याची तागडी हातातच राहिली. मी स्वतःला तोंडाळ समजते, पण खरं सांगते, माझी ही टाप नाही.

रोज सकाळी ती मला विचारायची, "येतो का?" मी खरं तेच सांगायचे. जून संपता संपता एका सकाळी मी नाही म्हटलं, तर तिला ते पटेचना. वास गेला, पण धास्ती गेली नव्हती. जुलैत तास घ्यायला शाळेत जाताना स्कूटीवर माझ्या मागे ती तोंडावर पदर धरूनच बसली.

मी वर्गाच्या दाराबाहेर थांबले. मुख्याध्यापिका शेवटच्या बाकावर बसल्या. वहिनीने फळ्यावर 'फ' काढला आणि फळ्यालाच चिकटून उभी राहिली. मुलं म्हणत होती, ती लांबूनच मान हलवत होती. झालं, गेली नोकरी, मी मनात म्हटलं. तेवढ्यात पहिल्या बाकावरची एक चिमुरडी पुन्हा पुन्हा 'प'च म्हणायला लागली आणि वर्ग हसला. पोरीचा चेहरा पडला. वहिनी तिच्याकडे बघत राहिली. मग पुढे झाली, तिच्यापुढे गुडघ्यांवर बसली, तिचा इवलासा तळवा धरला आणि आपल्या तोंडासमोर आणला.

"फ," वहिनी म्हणाली. "हवा लगी?"

"लगी!" पोरगी खुदकन हसली. "गुदगुदी हुई."

"मैडम, मुझे भी! मैडम, मुझे भी!" सगळ्या बाकांवरून हात पुढे आले. वहिनी उठली आणि एकेका तळव्यापाशी वाकत, प्रत्येकावर आपला श्वास सोडत, थेट मुख्याध्यापिकेच्या बाकापर्यंत गेली.