गाल भरण्याचं काम

गल्लीत तिला सगळे पेन्सिलताई म्हणत. अंगकाठीवरून नव्हे हो, अंगाने ती चांगली ऐसपैस होती! स्टुडिओ तिच्या धाकट्या भावाचा. फोटो तो काढायचा, पण लोक यायचे ते ताईच्या हातासाठी. लहान मुलांचे काळे-पांढरे फोटो सुधारण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. खालून दिवा लावलेल्या काचेवर निगेटिव्ह ठेवायची, डोळ्याला भिंग लावायचं आणि सुईसारख्या टोकाच्या पेन्सिलीने बारीक ठिपके देत बसायचं. निगेटिव्हवर जिथे पेन्सिल लागते, तिथली सावली फोटोत उजळते. शेंबड्या, रडक्या पोराला ती असं काही गोंडस करायची की त्याच्या आईलाही वाटावं, हे आपलंच का?

बालगृहाचं काम दरवर्षी यायचं. भाऊ तिथे जाऊन एकेका मुलाचा फोटो काढून आणायचा आणि आल्बम बालगृहाच्या समितीपुढे जायचा. व्यवस्थापकांचं एकच सांगणं, "ताई, मुलं जरा बाळसेदार दिसू द्या." ताई गाल भरायची, डोळ्यांखालचा काळोख घालवायची आणि भावावर डाफरायची.

"अरे, कितीदा सांगू? दिवा डोक्यावर ठेवतोस, म्हणून गालांत खड्डे पडतात. कॅमेरा गळ्यात अडकवला म्हणजे माणूस फोटोग्राफर होत नाही!"

"तिथे धड खिडकीच नाही गं, ताई," तो म्हणायचा.

आणि दोष उजेडाचाच, असं धरून या बाईने वर्षानुवर्षं ते खड्डे बुजवले. आता बोला!

त्या वर्षी बालगृहाचं छप्पर दुरुस्तीला काढलं होतं, म्हणून मुलंच स्टुडिओत आली. ताईला आनंद झाला. मोठ्या खिडकीवर तिने स्वतः पांढरा पडदा ओढला, समोरून मऊ उजेड घेतला. पहिली मुलगी स्टुलावर बसली, सात-आठ वर्षांची. पडदा ठीक, उजेड ठीक, आणि गालांत खड्डे तसेच. ताईने पडदा सरकवून पाहिला, स्टूल हलवून पाहिलं. खड्डे काही जाईनात.

मुलगी हळूच म्हणाली, "मावशी, मला मागच्यासारखी जाडी करा हं. मागच्या फोटोत मी छान जाडी होते."

"पोटभर जेवतेस ना गं?"

मुलीने दाराशी उभ्या असलेल्या व्यवस्थापकांकडे पाहिलं आणि तोंड मिटून घेतलं. उतरताना तिचा तोल गेला. ताईने दंड धरला, तर दंडाभोवती तिची दोन बोटं सहज पुरली.

त्या निगेटिव्हला ताईने पेन्सिल लावलीच नाही. आहे तसा फोटो छापला. भाऊ घाबरला. "ताई, नसती ब्याद ओढवून घेऊ नकोस. एवढं मोठं काम हातचं जाईल!"

"खड्ड्यात गेलं तुझं काम! पोर मरेल तिथे!"

ती निगेटिव्ह आणि त्या मुलीचे मागच्या वर्षीचा नि यंदाचा असे दोन फोटो घेऊन ती थेट समितीच्या अध्यक्षबाईंच्या घरी गेली. व्यवस्थापक तिथे आधीच बसलेले. त्यांनी उठून तिला खुर्ची दिली.

"हा मागच्या वर्षीचा. यातले गाल माझ्या पेन्सिलीचे," ताई म्हणाली. "आणि हा यंदाचा, खरा. बाई, तिला आधी डॉक्टरकडे न्या, मी पाया पडते तुमच्या."

अध्यक्षबाईंनी चष्मा लावून दोन्ही फोटो पाहिले. "कमाल आहे हो तुमची! एकच पोर, केवढी गुटगुटीत आणि केवढी रोड करून दाखवलीत!"

"रोड मी नाही केली! ती तशीच आहे!"

"अहो, आमच्या नातीच्या कपाळावरची खोक तुम्ही अशी घालवलीत, की आम्हीच विसरलो. तुमच्या हातचा फोटो, आणि खरा म्हणता?" बाई हसल्या. त्यांना खरंच कौतुक वाटत होतं.

"मग ही निगेटिव्ह बघा! एक ठिपका नाही हिच्यावर!"

"त्यातलं मला काय कळणार?" बाईंनी ती व्यवस्थापकांच्या हातात दिली.

त्यांनी ती खिडकीशी धरली, बराच वेळ पाहिली. "बारीक काम आहे," ते शांतपणे म्हणाले, "पण आहे." आणि निगेटिव्ह खिशात टाकली. "बाई, ही मुलगी नेहमीच किरकिरी. यंदा फोटोंतून तिला गाळूनच टाकतो."

"तुम्ही बघा काय ते," बाई म्हणाल्या.

ताई फाटकापर्यंत त्यांच्या मागे धावली. "साहेब, तिचं काय करणार?"

"कोणाचं?" ते म्हणाले. "बाकीच्यांचे गाल तेवढे सोमवारपर्यंत भरून द्या."

रडत रडतच ती स्टुडिओत आली. तिने उरलेल्या निगेटिव्ह काढल्या आणि एकेका मुलाचे गाल भरायला घेतले. एकही सोडला नाही. ज्याचे गाल भरलेले नसतील, तो फोटोंतून गाळला जाणार होता.