माळावरचं ताक

“भांडं पदराखाली धरलंय बघा पोरीनं.”

“धरू दे की. नवी हाय अजून ताकाला.”

अंगणातल्या बायका हसल्या. मी काटेरी कुंपणाच्या फटीतून नुकतीच आत आले होते, आणि माझ्या पदराखाली पितळेची चरवी होती हे खरंच होतं. साडी नेसायला लागून मला फार दिवस झाले नव्हते. पदराचा हा उपयोग मला त्या सकाळीच सापडला होता. बायकांच्या हातातली भांडी मात्र उघडी होती. कोणाचा तांब्या, कोणाची कासंडी, एकीचं तर कल्हई गेलेलं पातेलं. त्या जमिनीवर ऐसपैस बसल्या होत्या, जणू गप्पा मारायलाच आल्या होत्या. मधे खांबाला बांधलेली रवी डेऱ्यात फिरत होती. दोरी ओढणारी बाई, जिला सगळं गाव आक्का म्हणायचं, माझ्याकडे न बघता म्हणाली, “बस. लोनी यायला येळ हाय.”

मी बसले नाही. कुठे बसायचं ते मला कळेना.

माझे वडील कालव्यावरचे साहेब होते. अंथुर्ण्याच्या आसपासच्या उसाला पाटाचं पाणी कोणाला सोडायचं आणि कोणाला नाही, हे त्यांच्या सहीवर ठरे. आम्हाला कालव्याच्या कडेला सरकारी बंगला होता आणि दारात पट्टेवाला होता. मी पुण्याला इंग्रजी शाळेत, तिथल्याच वसतिगृहात राहून शिकले. मॅट्रिक झाले आणि कॉलेज सुरू व्हायच्या आधीच्या महिन्यांत आईवडिलांकडे आले. गावाच्या दृष्टीने आम्ही श्रीमंत होतो, आणि मलाही त्यात काही शंका नव्हती. शाळेत गरिबांसाठी एक लाकडी पेटी फिरायची, तिच्यात आम्ही मुली नाणी टाकायचो. ती नाणी कोणाच्या हातात पडतात ते आम्ही कधी पाहिलं नाही. आपण टाकणाऱ्यांतले, एवढं माहीत असलं की पुरायचं.

त्या उन्हाळ्यात बाबांना संग्रहणी झाली. खाल्लेलं काही अंगी लागेना. सदऱ्याची गळपट्टी सैल पडली, मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत सरकायला लागलं. डॉक्टरांची औषधं झाली, आणि मग बारामतीच्या एका वैद्यांनी तपासून सांगितलं, “अन्न बंद. रोज ताजं, लोणी काढलेलं ताक, पोट घेईल तितकं. दुसरं काही नाही. यात खंड पडला तर मग माझ्या हातात काही उरणार नाही.”

आईला हायसं वाटलं. ताक म्हणजे काय मोठंसं!

पण गावात ताक विकत मिळत नव्हतं. आमच्याकडे रतिबाचं दूध यायचं ते चहापुरतं, त्याचं दही लावून बाबांचं भागणार नव्हतं. रवीला लावण्याइतकं दूध कोणी विकत नव्हतं, आणि ताक विकायची तर रीतच नव्हती. ज्याच्याकडे दुभतं असे, त्याच्या दारात सकाळी शेजारणी भांडी घेऊन जात.

पट्टेवाला म्हणाला, “मी आनतो की बाईसाहेब. सायबांसाठी म्हनलं तर कुनी न्हाय म्हननार न्हाय.”

“नाही म्हणणार नाहीत, म्हणूनच नको,” बाबा आतून, खाटेवरून म्हणाले. पाण्यावर सही करणाऱ्याच्या घरात लोकांची मेथीची जुडीसुद्धा येता कामा नये, हा त्यांचा नियम होता आणि तो आजारातही सैल झाला नव्हता. “विकत मिळालं तर आणा. नाहीतर राहू द्या.”

त्यांनी ‘राहू द्या’ म्हटलं तेव्हा आई स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. मी तिच्या मागे गेले.

दुसऱ्याच दिवशी गावातल्या सगळ्यांत मोठ्या बागायतदारांकडून घागरभर ताक आलं. गडी डोक्यावर घेऊन आला, वर केळीचं पान बांधलेलं. बाबांनी ते परत पाठवलं. संध्याकाळी आबा स्वतः आले. त्यांना सगळे आबाच म्हणत. पायरीवर वहाणा काढून ते व्हरांड्यात बसले आणि त्यांचा चेहरा खरोखर पडला होता.

“सायेब, माज्या ताकाला काय वास मारतोय व्हय?”

“तसं नाही, आबा. तुमचा पाण्याचा अर्ज माझ्या टेबलावर आहे.”

“अर्ज टेबलावर, ताक पोटात. दोगांची गाठ पडती कुठं?”

बाबांना त्याही अवस्थेत हसू आलं. पण ताक घ्यायला ते तयार झाले नाहीत. आबा उठले. इतका मोठा माणूस, गोठा म्हशींनी भरलेला, आणि आपलं ताक कोणी घेत नाही म्हणून हिरमुसला होऊन चाललाय, हे दृश्य मी खिडकीतून पाहिलं आणि मला त्याचा अर्थ लागेना.

आक्काचं नाव पट्टेवाल्यानेच सुचवलं. तिचं रान कालव्याच्या वरच्या अंगाला, माळावर होतं. पाटाचं पाणी खालच्या बाजूलाच जातं, ते माळावर चढत नाही. त्यामुळे आक्काचा आणि बाबांच्या सहीचा कधी काही संबंध येण्यासारखा नव्हता. पावसावरची ज्वारी, थोडी मटकी आणि एक म्हैस, एवढाच तिचा संसार. “तिच्याकडनं घेतलं तर सायबांना बोट ठेवायला जागा न्हाय,” तो म्हणाला. “पर मी गेलो तर सायबाचा मानूस आला व्हईल. ताईंनी जावं.”

बाबा कबूल झाले. “पैसे देऊन आण,” एवढंच म्हणाले.

म्हणून मी त्या अंगणात उभी होते.

लोण्याचा गोळा निघाला. आक्काने तो हातावर झेलत पाण्यात सोडला आणि वाटी डेऱ्यात बुडवली. एकेक भांडं पुढे येत गेलं. कोणी ‘दे’ म्हणत नव्हतं आणि ती ‘घे’ म्हणत नव्हती. एकीला तिने विचारलं, लेकीचं काय झालं, दुसरीला म्हणाली, तुझा दादला लई खोकतोय रातचा, इथपर्यंत ऐकू येतंय. सगळ्यांत शेवटी मी पदराखालची चरवी बाहेर काढली. तिने ती काठोकाठ भरली. आईने रुमालात बांधून दिलेली नाणी मी सोडली आणि, बोलायला काही सुचेना म्हणून, नुसतीच रवीशेजारच्या दगडावर ठेवली.

गप्पा थांबल्या.

“हे काय गं?” आक्का म्हणाली.

मी चरवी पदराने पुसायला लागले.

“उचल ते, बाई. म्हशीच्या कानावर गेलं तर उद्या दूध आटवील.”

बायका हसल्या, पण हळूच. एक म्हातारी म्हणाली, “घे की आक्का, सायबाच्या घरात काय तोटा हाय.”

तेव्हा आक्काचा सूर बदलला. रागावली नाही, पण समजावून सांगितल्यासारखं म्हणाली, “आज हिचं पैसं घेतलं, की उद्यापासनं तुमी समद्या फुकट्या झालात. मग कंच्या तोंडानं येशीला हितं?” आणि माझ्याकडे वळून, “लोनी घरचं असतं, पोरी, ते मी बाजारात इकते. ताक दारचं असतं. ते माजं न्हाय, मी त्याचा भाव कसा करू?”

मी नाणी उचलली. मला ‘थँक यू’ म्हणायची इतकी सवय होती की ते ओठांवर आलंही होतं. त्या अंगणात ते कुठे ठेवायचं ते मला समजलं नाही. मराठीत ‘आभारी आहे’ म्हणाले असते तर बायका दिवसभर हसत राहिल्या असत्या. मी नुसती मान हलवली आणि माळ उतरले.

घरी आईने नाणी पाहिली, माझ्याकडे पाहिलं, आणि ती डब्यात परत टाकली. बाबा त्या दिवसांत विचारण्याच्या अवस्थेत नव्हते. ताक पुढे आलं की ते डोळे मिटून पीत.

मी रोज जायला लागले. हळूहळू बसायलाही लागले. अंगणात मी बोलत नसे. बायका माझ्यावरून बोलत. “इंग्रजी शाळेत मुकं राहायला शिकवत्यात वाटतं.” “अगं, मुकी न्हाय ती, मोजून बोलती. सायबाची लेक हाय, पानी सोडल्यावानी सोडती एकेक शबुद.” मला राग येत नसे. मी सगळं पाहत असे. कोणाच्या भांड्यात किती जातं ते आक्का भांड्यावरून ठरवत नव्हती. जिच्या घरी तान्हं होतं तिला दाट, जिच्या घरी भाकरीबरोबर दुसरं काही नव्हतं तिला जास्त. हे ती कोणाला बोलून दाखवत नसे, आणि घेणाऱ्या बायकाही त्याची वाच्यता करत नसत.

एखाद्या दिवशी बायका कमी आल्या की ती अस्वस्थ व्हायची, कुंपणाकडे बघत राहायची. “आज गाव कुठं मेलंय? कुनाला जेवायचं न्हाय का?” मला आबा आठवायचे, घागर परत आल्यावर व्हरांड्यात बसलेले.

उन्हं वाढली तशी म्हैस आटत चालली. एका सकाळी डेऱ्यात ताक इतकं थोडं होतं की रवीचा आवाजही वेगळा येत होता. मला वाटलं, आज आपल्याला नाही मिळणार. घरी बाबांना दोनच दिवसांपूर्वी पहिल्यांदा आधाराशिवाय उठून बसता आलं होतं. वैद्यांचं वाक्य मला पाठ होतं.

आक्काने त्या दिवशी सगळ्यांत आधी माझी चरवी ओढली आणि भरली. दाट, पांढरंशुभ्र ताक. “आजाऱ्याचं आदी,” ती म्हणाली. मग कोपऱ्यातली घागर उचलून तिने डेऱ्यात पाणी ओतलं, मूठभर मीठ टाकलं, रवी दोनदा फिरवली आणि बाकीच्यांना वाढायला घेतलं.

सगळ्यांनी पाहिलं. मला वाटलं, आता कोणीतरी माझ्याकडे वळून काही म्हणेल. कल्हई गेलेल्या पातेल्याची बाई आपल्या भांड्यात डोकावून म्हणाली, “आक्का, आज ताकात पाटाचं पानी सोडलंस जनू.”

“हितवर चढलं तर सोडीन की, बाई!”

आणि सगळ्या हसत सुटल्या. ज्यांच्या रानात आयुष्यात कधी पाटाचं पाणी आलं नव्हतं त्या सगळ्या बायका ते पांढरट पाणी घेऊन, हसत, आपापल्या घरी गेल्या. माझ्या वडिलांसाठी त्यांच्या ताटातलं काढलं गेलं होतं आणि ते त्यांना पूर्ण माहीत होतं.

मी मागे रेंगाळले. आक्काने रिकाम्या डेऱ्यात तांब्याभर पाणी टाकलं, डेरा तिरपा करून चारी बाजूंनी खळखळून घेतला आणि ते धुवण आपल्या वाडग्यात ओतलं. त्यात भाकरी कुस्करली. चूल पुढ्यात, म्हैस मागे, ती भिंतीला टेकून जेवायला बसली. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. त्यावर त्यागाचं, दुःखाचं काहीही नव्हतं. पंगत पोटभर जेवून उठल्यावर यजमानीण जशी शेवटी निवांत बसते, तशी ती बसली होती.

“काय बघतीस?” ती म्हणाली. “जा, ताक आंबंल उनात.”

मी माळ उतरायला लागले. चरवी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. देवळात गाभाऱ्याचं दार उघडल्यावर क्षणभर जसं होतं तसं काहीसं मला होत होतं. आमच्या शाळेच्या पेटीत पडलेलं प्रत्येक नाणं आमच्याकडे जास्तीचं होतं म्हणून पडलं होतं. इथे जास्तीचं काही नव्हतंच. तरी रोज सकाळी ह्या बाईच्या घरून कोणी रिकामं जात नव्हतं. आमच्या दारातही लोक येत, पण अर्ज घेऊन येत. आमच्याकडे काय होतं की जे कोणी नुसतं भांडं पुढे करून, लेकीच्या बाळंतपणाच्या गप्पा मारत, नेऊ शकलं असतं?

कालव्याच्या पुलावर आबा भेटले, बैलगाडीतून उसाची पाहणी करून येत होते. त्यांनी गाडी थांबवली.

“माळावरनं आनतीस व्हय?”

मी मान हलवली.

ते चरवीकडे बघत राहिले. “तिला तुमच्या वडलांकडनं काय बी नको. म्हून तिचं चालतं.” मग कासरा ओढत, माझ्याशी नाही, स्वतःशीच म्हणाले, “ऐश्वर्य हाय बाईचं.”

थट्टा नव्हती ती. खालच्या बाजूला नजर पोचेल तिथवर त्यांचा ऊस उभा होता.

मी घरात शिरले तेव्हा बाबा खाटेवर नव्हते. व्हरांड्यातल्या खुर्चीत बसले होते, चष्मा लावून. इतक्या दिवसांनी चष्म्याआडून त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. आईने ताक वाडग्यात ओतून त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी हात पुढे केला आणि थांबवला.

“चांगलं असतं हे ताक. काय देतेस तू त्यांना?”

आई दारात थबकली. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि तिच्या नजरेत स्पष्ट होतं: काहीतरी सांग, काहीही सांग, पण त्यांना पिऊ दे. वैद्यांनी सांगितलेले दिवस अजून भरले नव्हते. आज वाडगा परत गेला तर उद्याही जाणार होता, बाबांना मी ओळखत होते. एखादा आकडा सांगणं सोपं होतं. मी ते करू शकले असते आणि बाबांनी विश्वास ठेवला असता.

पण एका नाण्याची किंमत त्या ताकावर लावायला माझी जीभ उचलेना. ती लावली असती तर अंगणातल्या त्या सगळ्या हसणाऱ्या बायका, आक्काच्या शब्दांत, फुकट्या झाल्या असत्या, आणि त्यांच्यात मीही होते.

पुढे बाबांनी तो वाडगा बराच वेळ हातात धरून ठेवला, मग पाटाकडे तोंड करून सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत प्यायले. त्यानंतर ताकाविषयी त्यांनी एक शब्द काढला नाही, आणि ते त्या दुखण्यातून उठले. पण त्या क्षणी मला ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. मी एवढंच पाहत होते की त्यांचा हात अजून थांबलेला आहे. घरात शाळेसारखी इंग्रजी मिसळून बोलणारी मी, त्या दिवशी एकही इंग्रजी शब्द न वापरता म्हणाले,

“काही देत नाही, बाबा. तिला देण्यासारखं आपल्याकडे काही नाही. मी रोज मागून आणते.”