गाडीखाली कोणी नाही

धनजच्या थांब्यावर एसटी उभी राहिली की इंद्रभान ड्रायव्हर खाली उतरायचा. इंजिन चालूच असायचं. मागच्या चाकापाशी उकिडवं बसून, मान वाकडी करून तो गाडीच्या पोटाखाली पाहायचा. मग वळसा घालून दुसऱ्या बाजूनं पाहायचा आणि केबिनमध्ये चढायचा. स्टेअरिंगला हात लावला की त्याला वाटायचं, आपण तिकडं होतो तेव्हा इकडून कोणी शिरलं असेल तर? की पुन्हा खाली.

"ड्रायव्हर सायेब, नट पडला का कुठी?" खिडकीतून कोणीतरी विचारायचं.

"नट नाई बाप्पा, कोंबडी बसली असंल अंड्यावर!"

गाडीत हशा पिकायचा. इंद्रभानही हसायचा आणि ओले झालेले तळवे पँटीला पुसायचा.

याचं मूळ पोहरादेवीत होतं. दोन वर्षांपूर्वी रामनवमीच्या यात्रेला जादा गाड्या सोडल्या होत्या, त्यातली एक त्याच्याकडे होती. चैताचं ऊन, माणसांचा पूर आणि झाडाचा पत्ता नाही. अशा वेळी लोक उभ्या गाडीच्या सावलीत बसतात, चाकाला पाठ टेकवतात, डोकंही ठेवतात. ड्रायव्हर लोकांना ते ठाऊक असतं. निघण्याआधी पत्र्यावर थापा मारायच्या, "उठा, उठा" ओरडायचं, अशी तिथली रीत. इंद्रभाननं थापा मारल्या, लोक उठले. त्यानं आरशात पाहिलं. आरशात चाक दिसतं, चाकाच्या आतलं दिसत नाही. गाडी वीतभर सरकली असेल, तोच बायांनी किंकाळी फोडली.

एक म्हातारी आत, दोन्ही चाकांच्या मधल्या सावलीत झोपली होती. तिचा पितळेचा गडवा चाकाखाली चपटा झाला होता. तिला खरचटलंही नव्हतं. ती उठून बसली आणि तिनं तिच्या बोलीत त्याला मनसोक्त शिव्या दिल्या. इंद्रभाननं आपली पाण्याची बाटली तिच्यापुढं धरली, तेव्हा ती पाणी प्यायली आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवून निघून गेली. तक्रार झाली नाही. पंचनामा झाला नाही. झालं काहीच नाही.

ते काहीच न झालेलं त्याच्या छातीत जाऊन बसलं ते बसलंच. भाताचा घास तोंडाशी नेला की तो गडवा दिसायचा. गाडी खड्ड्यातून गेली की वाटायचं, खड्डाच होता ना? वच्छलानं, त्याच्या बायकोनं, आधी दृष्ट काढली आणि मग त्याला वाशिमला मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, "हा आजार आहे, भित्रेपणा नाही. पण जितकं पाहाल तितकं मन आणखी मागेल. एकदा पाहा आणि निघा." गोळ्या वच्छलानं डाळीच्या डब्यात लपवल्या. डेपोत कळलं तर स्टेअरिंग जाईल, ही दोघांनाही धास्ती.

आणि स्टेअरिंग म्हणजे त्याच्यासाठी नुसती नोकरी नव्हती. त्याचा बाप जगदेव जन्मभर दुसऱ्यांच्या वावरात राबला. इंद्रभाननं पहिल्यांदा धनजला, आपल्याच गावी, गाडी आणली, तेव्हा म्हातारा बुद्धविहारापुढं बसलेल्या मंडळींना म्हणाला होता, "माह्या पोरानं ब्रेक दाबला का अख्खं गाव उभं राह्यते." बाप गेला. पण त्या थांब्यावर ब्रेक दाबताना इंद्रभानला ते वाक्य अजून ऐकू यायचं.

त्याचं हे उतरणं-चढणं कंडक्टर ज्योत्स्नानं फार दिवस पाहिलं. शेवटी तिनं विचारलं, तेव्हा त्यानं डॉक्टरांचं बोलणं तिला एकटीला सांगितलं. एक दिवस तिनं त्याच्या दारालाच हात आडवा लावला.

"भाऊ, तुमी बसा. मी पाह्यते. माह्या डोळ्यावर भरोसा हाय का नाई?"

"हाय, पण..."

"मंग पणबिन नाई. मी खाली पाहीन, वर येईन आन म्हणीन, गाडीखाली कोणी नाई. तवाच डबल बेल. बेल झाली का तुमी मांगं पाह्याचं नाई."

पहिले काही दिवस तो बेल झाल्यावरही आरशात पाहायचाच. पण ज्योत्स्ना वाकायची, फिरून यायची, दारातून ओरडायची, "गाडीखाली कोणी नाई, भाऊ!" आणि टिंग टिंग. हळूहळू तो आवाज त्याच्या छातीपर्यंत पोचू लागला. पावसाळा सरता सरता त्याला झोप लागू लागली. दिवाळीनंतर तर तोच चिवड्याच्या पिशवीवरून ज्योत्स्नाला चिडवायचा, "बाई, तुह्या नवऱ्यानं केला काय? मीठ नाई यात!" वच्छलानं विहारात जाऊन मेणबत्ती लावली. कशासाठी, ते कोणाला सांगितलं नाही.

संक्रांतीच्या दिवशी कारंजाच्या स्टँडवर चहा पिता पिता ज्योत्स्नानं त्याच्या हातावर तिळगूळ ठेवला.

"भाऊ, एक सांगू? राग नाई ना येणार?"

"बदली मांगली काय तुनं?"

"नाई जी. दिवाळीपासून मी गाडीखाली पाहूनच नाई राह्यली."

इंद्रभानला वाटलं, थट्टा करते आहे.

"खरंच सांगते. दारातूनच म्हणते, कोणी नाई, आन बेल देते. डाक्टरच म्हने ना तुमाले, कमी पाहा? तुमी बरे झाले भाऊ! अन् मले सांगा, झालं का काही?"

निकाल घेऊन घरी आलेल्या मुलीसारखा तिचा चेहरा फुलला होता. इंद्रभाननं कप खाली ठेवला. झालं काहीच नाही, हे तोही जाणत होता. पण दिवाळीपासूनचा प्रत्येक थांबा त्याच्या डोळ्यांपुढं आला आणि प्रत्येक थांब्यावर चाकाआड सावलीत कोणीतरी झोपलेलं होतं.

गाडीची वेळ झाली, तो केबिनमध्ये चढला. त्याचा चेहरा पाहून ज्योत्स्ना मागच्या चाकापाशी गेलीच. या खेपेला ती जमिनीवर हात टेकवून वाकली, दोन्ही बाजूंनी फिरली. "भाऊ, आता खरंच पाह्यलं. लेकराची शपथ. गाडीखाली कोणी नाई."

टिंग टिंग.

क्लचवरचा पाय उचलला गेला नाही. पुन्हा बेल झाली. मागून कोणी म्हणालं, "चाल ना बाप्पा, झोपला काय?" ज्योत्स्ना पुढं आली. तिचा आवाज रडवेला झाला होता. "भाऊ, माह्याकडं पाहा."

"बाई, तू खरंच सांगून राह्यली असशीन," तो हळूच म्हणाला. "पण मले आता कसं कळीन?"

त्यानं इंजिन बंद केलं आणि तो खाली उतरला. ती गाडी दुसऱ्या ड्रायव्हरनं नेली.

दुसऱ्या दिवशी त्यानं मोटारसायकल काढली. वच्छला मागं बसली. एसटीच्या प्रत्येक थांब्यावर तो उतरायचा आणि डांबराकडे पाहत राहायचा. धनजला तिनं विचारलं, "काय शोधून राह्यले?"

"काई नाई."

"मंग मीबी शोधते," ती म्हणाली, आणि डोक्यावर पदर घेऊन त्याच्याबरोबर वाकून रस्ता पाहू लागली.

पुढच्या आठवड्यात त्यानं डॉक्टरांचा कागद डेपोत स्वतःच नेऊन दिला. साहेबांनी समजून घेतलं. इतकं, की स्टेअरिंग गेलं तरी त्याला भांडताही आलं नाही. गोळ्या आता डाळीच्या डब्यातून काढून उघड्या फळीवर ठेवल्या आहेत. छातीतली धडधड काही दिवस कमी असते, काही दिवस तेवढीच असते. इंद्रभान डेपोत गाड्या धुतो. पाइपाचं पाणी मागच्या चाकांवर मारताना तो फार वेळ लावतो, म्हणून सोबतचे कुरकुरतात.

ज्योत्स्नाची गाडी रोज तिथूनच निघते. नवा ड्रायव्हर घाई करतो, तरी ती आधी खाली उतरते. इंद्रभानला दिसेल अशा बाजूनं वाकते, पुरता वळसा घालते, वर चढते आणि गरज नसताना मोठ्यानं ओरडते, "गाडीखाली कोणी नाई!"

इंद्रभान मान हलवतो. टिंग टिंग होतं, गाडी फाटकातून बाहेर पडते. ती दिसेनाशी झाली की तो पाइप खाली ठेवतो, गाडी उभी होती त्या जागेपाशी जातो आणि ऑइलचे थेंब पडलेल्या त्या रिकाम्या जमिनीकडे वाकून पाहतो.