दातांमागची तार

डॉक्टरांनी माझ्या हातात आरसा दिला आणि वरच्या दातांच्या मागं बघायला सांगितलं. तिथं हिरडीवर लालसर खळग्यांची एक ओळ होती. ते माझ्याच खालच्या दातांचे ठसे होते.

"तोंड मिटलं की तुमचे खालचे दात पूर्ण आड जातात आणि वरच्या हिरडीत रुततात," त्या म्हणाल्या. "याला डीप बाइट म्हणतात. समोरचा एक दात हलायला लागलाय. असंच चालू राहिलं तर तो पन्नाशीपर्यंत टिकेल असं मी सांगू शकत नाही."

मी तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचा होतो. ब्रश करताना रक्त येतं म्हणून उस्मानपुऱ्यातल्या या दवाखान्यात आलो होतो. घरापासून चालत पाच मिनिटांवर. एखादी गोळी, एखादं गुळण्यांचं औषध घेऊन परत जाऊ असं वाटलं होतं. त्यांनी दीड-दोन वर्षांच्या तारा सांगितल्या.

माझा पहिला प्रश्न दात वाचेल का, हा नव्हता. मी विचारलं, "बाहेरून दिसेल का?"

मी शेंद्र्याच्या एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी आहे. रोज सकाळी पाळी सुरू होण्याआधी चाळीस-पन्नास लोकांसमोर पाच मिनिटं बोलायचं, हे माझं काम. या वयात, या मिशीखाली शाळकरी पोरांसारख्या चकचकीत तारा घालून मी हेल्मेटबद्दल बोलतोय, हे चित्र मला सोसेना. डॉक्टरांना हा प्रश्न नवा नसावा. त्यांनी लिंग्वल ब्रेसेस दाखवल्या. लिंग्वल म्हणजे जिभेकडच्या बाजूच्या. तार आणि तिला धरणारे छोटे ब्रॅकेट दातांच्या मागं चिकटवतात. समोरून काहीच दिसत नाही. त्रास मात्र जिभेला जास्त होतो, हे त्यांनी दोनदा सांगितलं. मला एकदाही नीट ऐकू आलं नाही.

मग तपासण्या झाल्या. ओपीजी म्हणजे दोन्ही जबड्यांचा एकत्र एक्स-रे. हनुवटी टेकवून उभं राहायचं आणि यंत्र डोक्याभोवती फिरतं. सेफॅलोग्राम म्हणजे डोक्याचा बाजूनं काढलेला एक्स-रे, त्यावरून दात कुठं आणि किती सरकवायचे ते ठरवतात. शेवटी पेनाएवढ्या कॅमेऱ्यानं प्रत्येक दाताचं स्कॅन झालं. दुखलं काहीच नाही. वाट बघायच्या खोलीत माझ्याशेजारी दहावीतली एक मुलगी बसली होती. ती आपल्या तारांवरचे रबर कुठल्या रंगाचे घ्यायचे याची आईशी चर्चा करत होती. आणि मी मात्र माझ्या तारा लपवण्याच्या खटपटीत होतो.

एका शनिवारी तारा बसल्या. दीड तास तोंड उघडं. उठलो आणि डॉक्टरांना थँक्यू म्हणालो तर तोंडातून भलताच शब्द बाहेर आला. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, पहिले दोन आठवडे जीभ भांडेल, मग हळूहळू जुळवून घेईल. रोज पंधरा मिनिटं मोठ्यानं वाचा. टोचेल तिथं मेणाची गोळी लावा. आणि कामावर सगळ्यांना सांगून टाका.

वाचन केलं, मेण लावलं. शेवटची सूचना मी पाळली नाही.

खाण्याचं वेगळंच होतं. तोंड मिटलं की माझे खालचे दात वरच्या ब्रॅकेटवर टेकायचे आणि दाढा एकमेकींना लागायच्याच नाहीत. हे मुद्दाम असतं, त्यानंच डीप बाइट उघडत जातो, असं डॉक्टरांनी समजावलं होतं. पण समजलं म्हणून पोळी चावता येत नाही. मी चार दिवस मुगाच्या पातळ खिचडीवर काढले. जिभेच्या कडेला दोन फोड आले. आरशात बघितलं की चेहरा पहिल्यासारखाच, आणि आत चाललेली झटापट कुणालाच दिसत नव्हती. हवं होतं तेच मिळालं होतं, तरी मला थोडं एकटं वाटायला लागलं.

पुढच्या रविवारी सकाळी आईचा फोन आला. ती शेंद्र्याजवळच्या आमच्या गावी राहते, तिच्याकडं सहा शेळ्या आहेत. आमची पिढ्यान्पिढ्या मेंढ्या राखणाऱ्यांची घरं, आता ज्याला जमेल तो कारखान्यात. मी तिच्याशी दोन मिनिटं बोललो. तिनं एकदम फोन ठेवून दिला.

दुपारी बाराच्या सुमाराला ती दारात उभी. शेळ्या शेजारणीकडं सोपवून, मिळेल त्या गाडीनं आली होती. पाणी घेतलं नाही. सरळ माझ्यापुढं आली आणि माझ्या तोंडाचा वास घेतला. मग स्वयंपाकघरात जाऊन माझ्या बायकोला, सुनंदाला, तिनं हळू आवाजात विचारलं, "लई दिसापासून पितो का ह्यो?"

सुनंदा हसत हसत ओट्याला टेकून खालीच बसली. मी आ केला. आईनं चष्मा लावला, माझी हनुवटी उजेडाकडं वळवली आणि बराच वेळ आत बघत राहिली. ही चांदीची हाय का, एवढंच विचारलं. नाय, स्टीलची, मी म्हणालो.

हसणं झाल्यावर मी तिला दात हलत असल्याचं सांगितलं. आईच्या तोंडात आता मोजून पाच दात आहेत. बाकीचे चाळिशीच्या आतच गेले, एकेक करून.

"माझे काढले तव्हा वाचत्याल का म्हून कुणी इचारलं बी नाय," ती म्हणाली. "दुखतंय म्हनलं की काढ. तुझं वाचायलेत तर लाज कशाची धरतूस?"

मग तिनं मला जेवायला शिकवलं. इतकी वर्षं ती कशी जेवते हे मी कधी बघितलंच नव्हतं. बाजरीची भाकरी अगदी बारीक कुस्करायची, कोमट दूध ओतायचं, वर ताट झाकायचं आणि गप्प बसून राहायचं. घाई करायची नाय, ती म्हणाली, भिजली की आपसूक जाती. आठवड्यात पहिल्यांदा मी पोटभर जेवलो. संध्याकाळी ती शेळ्यांसाठी परत गेली.

आईनं एवढं सांगूनही मी कामावर गप्पच राहिलो. सर्दी झालीय, दाढ दुखतीय, अशी कारणं चालली होती. सकाळचं बोलणं मी लहान केलं. स असलेले शब्द टाळू लागलो, आणि सुरक्षा अधिकाऱ्याला ते फार अवघड असतं.

तिसऱ्या आठवड्यात व्हायला नको होतं ते झालं. प्रेस विभागात सात नंबरच्या मशीनमध्ये पत्रा अडकला होता. मी वरच्या मजल्यावरून इंटरकॉमवर ऑपरेटर सलीमभाईंना सात नंबर बंद करायला सांगितलं. त्यांना ऐकू आलं आठ. त्यांनी आठ बंद केलं आणि फिटरला हात केला. फिटर पत्रा काढायला वाकला. पण हात घालण्याआधी मशीन खरंच बंद आहे का हे स्वतः बघायचं, हा नियम त्यानं पाळला. दिवा चालू दिसला. तो मागं सरकला.

कुणाला खरचटलंसुद्धा नाही. आमच्या भाषेत याला निअर मिस म्हणतात, म्हणजे थोडक्यात टळलेला अपघात. मी धावत जिना उतरून खाली आलो. फिटर पाणी पीत होता. सलीमभाई पुन्हा पुन्हा म्हणत होते की माझंच ऐकण्यात चुकलं. आणि ते तसं नाही, हे तिथं फक्त मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांसमोर सांगितलं. दातांमागं तारा आहेत, त्यामुळं माझा सात आठसारखा ऐकू जातो, हे मी तीन आठवडे लपवलं, काल चूक माझी होती. मग मोबाइलचा टॉर्च लावून आ केला. मागून कुणीतरी जवळ येऊन बघू का म्हणून विचारलं, आणि बघणाऱ्यांची रांगच लागली. दोघांनी हलणाऱ्या दातांबद्दल डॉक्टरांचा पत्ता मागितला.

सलीमभाई सगळ्यात शेवटी आले. "साब, पैले बोले होते तो हम उंगलियां दिखाके पूछ लेते ना," एवढंच म्हणाले.

त्या दिवसापासून आमच्याकडं मशीनचा नंबर आधी तोंडानं सांगतात, मग ऐकणारा तो परत म्हणून दाखवतो आणि समोर असेल तर बोटांनीही दाखवतो. माझं बोलणं सुधारलं तरी ही पद्धत राहिली. आणि सकाळच्या बोलण्यात मला शब्द सापडला नाही की पुढच्या रांगेतले लोक थांबायला लागले. घाईनं माझं वाक्य पुरं करून टाकायचे नाहीत. सहाव्या आठवड्यात विभागातल्या एकाच्या घरून नान-खलिया, म्हणजे नान आणि मटणाचा रस्सा, आला, तेव्हा नान रश्श्यात किती वेळ भिजवायचा हे मीच सगळ्यांना सांगत होतो.

तारा वीस महिन्यांनी निघाल्या. हलणारा दात आता घट्ट आहे, हिरडीवरचे खळगे भरले. दात पुन्हा सरकू नयेत म्हणून मागं एक बारीक तार कायमची चिकटवली आहे, तिला रिटेनर म्हणतात. ती आहे हे मी विसरूनही जातो. तुमच्यापैकी कुणी या वयात तारा लावणार असाल तर जरूर लावा. फोड बरे होतात, जीभ शिकते, मेणाची डबी खिशात ठेवा. दिसू नये म्हणून आतून लावल्या तरी हरकत नाही. फक्त सांगून टाका. मला जे जमत नव्हतं ते लोकांनी सांभाळून घेतलं, पण त्यांना ते आधी कळायला हवं होतं.

आणखी एक गोष्ट सांगायची आहे, ती तारा असतानाचीच, सातव्या महिन्यातली. कडूबा आमचा क्रेन ऑपरेटर. माझ्यापेक्षा वयानं मोठा, बावीस वर्षं त्याच क्रेनवर. लहानपणापासून तोतरा. मीटिंगमध्ये तो कायम मागं, खांबापाशी उभा असायचा. त्याचं काम हातांच्या खुणांवर चालतं, त्यामुळं त्याला बोलायची वेळ येत नाही असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. तो एका संध्याकाळी कारखान्याच्या बसपाशी माझ्याजवळ आला आणि थांबत थांबत म्हणाला, "सायेब, उद्याचं मी बोलू का? स्लिंगचं."

स्लिंग म्हणजे क्रेननं माल उचलताना बांधतात तो पट्टा. मी हो म्हणालो आणि घरी जाऊन काळजी करत बसलो.

सकाळी तो पुढं आला. हातात एक जुना पट्टा होता, कडेला नखाएवढी चीर पडलेला. स्लिंग हा पहिलाच शब्द अडकला. अडकला तो बराच वेळ अडकला. पन्नास माणसं उभी होती आणि कुणीही तो शब्द त्याच्या आधी उच्चारला नाही. शब्द सुटला, पुढचा आला, तो अडला, तोही सुटला. चीर कुठं शोधायची, पट्टा कसा वाकवून बघायचा, कुठल्या आवाजावर थांबायचं, हे बावीस वर्षांत साठलेलं सगळं त्यानं सांगितलं. मला त्यातलं निम्मं माहीत नव्हतं.

पाच मिनिटांचं बोलणं चौदा मिनिटं चाललं. संपल्यावर तिघांनी प्रश्न विचारायला हात वर केले. कडूबानं तिघांनाही उत्तर दिलं.