बसता का जी?

"बसता का जी?" असं म्हणून वहिनी पदरानं खुर्ची पुसायच्या आणि ती पाहुण्याच्या गुडघ्याला टेकेल इतकी पुढे सरकवायच्या. ऐकणाऱ्याला आधी वाटायचं, आता चहा येणार. मग पुढचं वाक्य यायचं. "दोन तास बसता का यांच्याजवळ? मी जरा बाहेर जाऊन येते." तेवढ्यात पाहुण्याला आठवायचं की आपण गॅसवर दूध ठेवून आलो आहोत, बँक बंद व्हायची वेळ झाली आहे, नातवाची बस येणार आहे. एका गृहस्थांना तर त्याच क्षणी कंबर धरली. त्याआधी अर्धा तास ते ताठ उभे राहून वहिनींच्या पतिसेवेची स्तुती करत होते.

तुमच्या गल्लीतही असं एखादं घर असेल. त्याच्यावरून जाताना आपण आवाज खाली करतो, "धन्य आहे हो त्या बाईची" म्हणतो आणि चालायचा वेग जरा वाढवतो. धन्य म्हणायला काही लागत नाही, म्हणून तर ते आपण इतक्या सढळपणे म्हणतो.

वहिनी आमच्या या हिंदी मुलखातल्या शहरात, गोरखपूर बाजाराच्या मागच्या गल्लीत राहायच्या. त्यांचे यजमान आणि मी एकाच सरकारी फॅक्टरीत, एकाच सेक्शनला. तीस वर्षं तो माझ्या स्कूटरवर मागे बसून ड्युटीवर आला. निवृत्तीनंतर दोन वर्षांनी त्याला लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि पाठोपाठ स्मरणही गेलं. गल्लीत कुणाचीही स्कूटर सुरू झाली की त्याला वाटायचं आपल्याला न्यायला आले. तो उठायला बघायचा आणि पडायचा. म्हणून त्याला पाच मिनिटंही एकटं सोडता येत नसे. पगारी माणूस ठेवून झाला होता. तो आठवडाभरात पळाला, कारण परका हात लागला की हा चावायचा.

वहिनींना दोन तास कशाला हवे होते, हे गुपित नव्हतं. त्या सगळ्यांना सांगायच्या. "डोळ्याचं प्रेशर दाखवायचं आहे. काचबिंदू आहे म्हणून राहिले डॉक्टर. गेलेली नजर वापस येत नाही म्हणते." आम्ही सगळे चिंतातुर चेहरा करायचो आणि म्हणायचो, "काळजी घ्या हं." हा सल्ला मी स्वतः त्यांना किमान दहा वेळा दिला असेल.

मी तेव्हा आमच्या भागातल्या छोट्या मराठी मंडळाचा सचिव होतो. सचिव म्हणजे ज्याच्या घरी सतरंज्या ठेवलेल्या असतात तो. त्या वर्षी वर्धापनदिनाला काहीतरी समाजोपयोगी करायचं ठरलं. आमच्याकडे समाजोपयोगी म्हणजे सत्कार. घरी आजारी माणसाची वर्षानुवर्षं सेवा करणाऱ्या सहा जणांना शाल आणि श्रीफळ. सहाही बायकाच निघाल्या. पुरुष शोधायला गेलो तर एकही सापडला नाही, आणि या गोष्टीचा प्रमुख पाहुण्यांनी पुढे भाषणात 'मातृशक्ती' म्हणून गौरव केला.

निमंत्रण द्यायला मी गेलो. वहिनींनी पत्रिका उजव्या डोळ्यासमोर आडवी धरून वाचली.

"संध्याकाळी सहा वाजता. अच्छा. मग यांच्याजवळ कोण बसन?"

"ते... बघू," मी म्हणालो. 'बघू' हा आमच्या मंडळात एकमतानं मंजूर झालेला एकमेव ठराव आहे.

वर्धापनदिनाला मंचावर सहा खुर्च्या मांडल्या, प्रत्येकीवर नावाची चिठ्ठी. साडेसहा वाजले तरी सहाच्या सहा रिकाम्या. प्रत्येक सत्कारमूर्ती आपापल्या घरी, आपापल्या आजारी माणसाजवळ. ज्या कारणासाठी सत्कार, त्याच कारणासाठी गैरहजर. आमच्या पंधरा जणांच्या कार्यकारिणीत हे आधी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. पण आम्ही डगमगणारे नव्हे. प्रमुख पाहुण्यांनी पाऊण तास त्यागावर भाषण केलं, समोरच्या लोकांनी डोळे पुसले, आणि मग आम्ही सगळे पंगतीला बसलो. श्रीखंड चांगलं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी मी शाल घेऊन वहिनींकडे गेलो. त्यांनी ती बोटांनी चाचपली. "कपडा मुलायम आहे जी," म्हणाल्या, आणि तिची चौपदरी घडी करून नवऱ्याच्या टाचांखाली सरकवली. "टाचा घासून राहिल्या होत्या त्यांच्या. बरं झालं तुम्ही दिली." नारळाची त्यांनी चटणी केली आणि वाटीभर आमच्याकडेही पाठवली. सत्काराचा इतका चोख उपयोग मी आजवर पाहिलेला नाही.

चटणी घशाखाली उतरल्यावर मला जरा लाज वाटली असावी, कारण पुढच्याच बैठकीत मी समितीचा प्रस्ताव मांडला. घरच्या माणसाची सेवा करणाऱ्यांना थोडी सुटी मिळावी, म्हणून मंडळाच्या सभासदांनी आळीपाळीनं त्यांच्या घरी जाऊन बसायचं. सगळ्यांना कल्पना फार आवडली. मी निमंत्रक झालो. पहिल्या दोन बैठका समितीचं नाव ठरवण्यात गेल्या. तिसरीत फ्लेक्सच्या रंगावरून दोन सभासद एकमेकांशी बोलायचे बंद झाले. मोबाइलवर समितीचा ग्रुप निघाला आणि रोज सकाळी त्यावर 'सेवा हाच धर्म' असं लिहिलेली गुलाबाची फुलं यायला लागली. बसायला येणाऱ्यांची यादीही तयार झाली. अकरा नावं. त्यातल्या नऊ जणांनी पुढे 'सवडीनुसार' असं लिहिलं होतं.

मग अर्जाचा नमुना आला. तो मीच केला होता, म्हणून त्याची थट्टा करायचा पहिला हक्क माझा. दोन पानी अर्ज. सेवा करणाऱ्यानं तो स्वतः मंडळाच्या कार्यालयात आणून द्यायचा, संध्याकाळी चार ते पाच. सोबत रुग्णाचा आणि सेवेकऱ्याचा एकत्र फोटो. रुग्णाची संमतीदर्शक सही. ज्याचा उजवा हात लुळा आहे त्यानं सही कशी करायची, आणि जी बाई घर सोडता येत नाही म्हणूनच अर्ज करते तिनं तो आणून कसा द्यायचा, हे प्रश्न मला पडले नाहीत. चाळीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या माणसाला असले प्रश्न पडत नाहीत.

वहिनींनी अर्ज शेजारणीच्या हातून पाठवला. 'सेवेकऱ्यास स्वतःचा काही आजार आहे काय?' या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं, 'पाहायला वेळ नाही.' आम्हाला ते उत्तर गमतीदार वाटलं, बैठकीत वाचून दाखवलं, आणि फोटो नाही म्हणून अर्ज त्रुटीत काढला. त्रुटीच्या पत्रावर सही माझी होती.

अशा रीतीनं सत्कारापासून सात महिने गेले.

त्रुटी पूर्ण करून घ्यायला मीच त्यांच्या घरी गेलो. निमंत्रकाचं कर्तव्य. त्यांनी चहा आणला, किटली वाकडी केली, आणि चहा कपाच्या डाव्या बाजूला, थेट मी टेबलावर ठेवलेल्या अर्जावर पडला. त्या ओततच राहिल्या. मी कप पुढे सरकवला तेव्हा त्यांच्या लक्षात आलं.

"वहिनी, डोळ्याचं काय झालं?"

"जायचं आहे न. जाईन."

"कधीपासून गेला नाहीत?"

"तुमच्या सत्काराच्या आधीपासून, भाऊजी."

मी अर्ज तिथेच ठेवला. म्हणालो, "आत्ता जा. मी बसतो."

त्यांनी माझ्याकडे अविश्वासानं पाहिलं. "पक्का न? घरी दूध-बिध नाही न ठेवलं गॅसवर?"

पाच मिनिटांत त्या रिक्षात होत्या. साडीसुद्धा बदलली नाही.

आता माझी कर्तबगारी ऐका. त्या गेल्या आणि मित्रानं डोळे उघडले. मला पाहून त्याचा चेहरा उजळला. गल्लीतल्या सगळ्या स्कूटर ज्याच्या म्हणून त्याला वाटायच्या, तो माणूस साक्षात समोर बसला होता. "चाल," म्हणाला आणि उठायला लागला. मी घाबरून म्हणालो, "आज सुटी आहे!"

"काहून?"

"दसरा आहे."

तो शांत झाला. दहा मिनिटांनी पुन्हा, "चाल." मग दिवाळी झाली. मग होळी, ईद, नाताळ. दोन तास म्हणून गेलेल्या वहिनींना चार तास लागले आणि माझं कॅलेंडर संपलं. शेवटी मी सांगितलं, संप आहे. त्यावर तो इतका खूश झाला की तिरक्या ओठांनी हसला आणि विचारलं, "कोणत्या युनियनचा?"

मधे त्याची लुंगी ओली झाली. तीस वर्षं मी या माणसाच्या डब्यातली भाजी खाल्ली होती, पण त्याला एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळवायचं कसं, हे मला येत नव्हतं. तो जड होता आणि मला धरून रडत होता. लुंगी बदलेपर्यंत मला घाम फुटला. वहिनी हे दिवसातून सहा वेळा करत होत्या, आणि आम्ही त्यांना शाल दिली होती.

त्या परत आल्या तेव्हा हातात कागदात बांधलेली खोव्याची जलेबी होती. आल्या आल्या आधी त्याला पाहिलं, कोरडी लुंगी पाहिली, आणि मान डोलावली.

"काय म्हणाले डॉक्टर?"

"उजवा ठीक आहे. टाइमावर औषध टाकलं, दर तीन महिन्यांनी दाखवलं, तर टिकन म्हणे."

"आणि डावा?"

"डावा गेला जी." गल्लीतून भाजीवाला गेला, हे सांगावं तसं त्या म्हणाल्या. "सहा महिने आधी आल्या असत्या तर वाचला असता, असं म्हणून राहिले होते. रागावले बिचारे."

त्यांनी जलेबी ताटलीत काढली आणि माझ्यासमोर ठेवली. मग टेबलावरचा चहानं पिवळा झालेला अर्ज उचलून माझ्या हातात दिला.

"तो आजाराचा रकाना होता न तुमचा. त्यात आता लिहून घ्या. आणि जलेबी गरम आहे तोवर खा, चलो."

मी खाल्ली. त्यांच्यासमोर ताटली परत सरकवायची माझी हिंमत नव्हती. घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं आणि नंतर बराच वेळ गच्चीवर जाऊन बसलो. मला माझी इतकी शरम कधीच वाटली नव्हती.

त्यानंतर समितीची बैठक झाली नाही, त्यामुळे काम सुरू झालं. मी, माझी बायको, समोरचा शिंपी आणि एक निवृत्त शिक्षिका, असे चौघे आळीपाळीनं बसायला लागलो. अर्ज नाही, फोटो नाही. पुढे त्या सहांपैकी आणखी दोन घरी जायला लागलो. शिंप्याला मराठी येत नाही आणि तो मंडळाचा सभासदही नाही. चौघांत सगळ्यात चांगला तोच बसतो. समितीचा फ्लेक्स वहिनींनी मागून नेला आणि गादीवर, चादरीखाली अंथरला. ओल खाली झिरपत नाही म्हणाल्या. त्याचा रंग निवडताना दोन माणसांची मैत्री तुटली होती, तेव्हा तो कुठेतरी कामी आला हे बरंच झालं.

वहिनींचा उजवा डोळा टिकला. दर तीन महिन्यांनी त्या जाऊन आल्या, आणि येताना दर वेळी काहीतरी गरम घेऊन आल्या. सव्वा वर्षानं माझा मित्र गेला. तेरा दिवस झाल्यावर लेक त्यांना नागपूरला न्यायला आली.

मदन महल स्टेशनवर सगळं मंडळ लोटलं होतं. ज्यांना दोन तास सापडत नव्हते त्यांना गाडी सव्वा तास लेट असूनही वेळच वेळ होता. अध्यक्ष हार घेऊन आले होते. वहिनी डब्याच्या दारात उभ्या होत्या, लेकीनं मागून दंड धरला होता. गाडी हलली तशा त्या हात हलवायला लागल्या. अध्यक्षांना, शिक्षिकेला, शिंप्याला, माझ्या बायकोला. ही सगळी मंडळी त्यांच्या उजव्या हाताला उभी होती.

मी डाव्या हाताला होतो. हात वर करून उभा होतो, जेमतेम सहा फुटांवर. त्यांची नजर दोनदा माझ्या अगदी अलीकडेपर्यंत आली आणि तिथून परत गेली. त्या मला शोधत होत्या, हे मला कळत होतं. पलीकडे जायला चार पावलं लागली असती. मला ती टाकवली नाहीत. गाडी जाईपर्यंत मी त्या बाजूलाच उभा राहिलो, आमच्या सात महिन्यांनी विझवलेल्या डोळ्यासमोर.