तिघांनी सोडलेली बोट

आमच्या दैनिकाच्या तळमजल्यावर रस्त्याकडे उघडणारी एक लाकडी खिडकी होती. छोट्या जाहिराती तिथे घेतल्या जात. त्या खिडकीमागे सोळा वर्षं एकच बाई बसत, म्हणून त्यांचं नावच खिडकीबाई पडलं. मी वरच्या मजल्यावर प्रुफं तपासायचो. जिन्यावरून येता-जाता त्यांच्या कपाळावरची आठी पाहिली, की बाहेर काय चाललंय ते पेपर न वाचताच कळायचं.

मंदीच्या तिसऱ्या वर्षी ती आठी जाईना. कापडवाले, घड्याळवाले, साबणवाले, सगळ्यांनी एकामागून एक जाहिराती बंद केल्या. पेपर बारा पानांवरून आठवर आला. वाढत होता तो फक्त ‘काम हवे’चा रकाना. शब्दाला दर असल्यामुळे माणसं अख्खं आयुष्य सात-आठ शब्दांत बसवून आणत आणि त्यातलाही एखादा कमी होईल का, विचारत. बाई कमी करून देत. त्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. त्यांच्या यजमानांचं गोदाम बंद पडलं होतं आणि घर बाईंच्याच पगारावर चालायचं. दर शनिवारी मॅनेजरसाहेब कुणाला तरी खोलीत बोलवत आणि तो माणूस सोमवारी दिसत नसे. शनिवारी जिन्यावर पाऊल वाजलं तरी बाई दचकून वर बघायच्या.

अशा दिवसांत सढळ हाताने येणारं एकच गिऱ्हाईक उरलं होतं, आगबोट कंपनी. तिची दोन धुराड्यांची बोट दर पंधरवड्याला पलीकडच्या बंदराला जायची. तिकडे नवा धक्का बांधायला घेतला होता आणि माणसं हवी होती. कंपनीने भाडं निम्मं केलं आणि आठवड्यातून दोनदा अर्धं पान घेतलं. साहेब म्हणायचे, आपण सगळे त्या बोटीतच बसलोय. कंपनीचा एजंट मजकूर तोंडी सांगायचा आणि बाई तो कागदावर घडवायच्या. ‘निम्म्या भाड्यात सुखरूप पलीकडे’ ही ओळ त्यांचीच. ती वाचून ज्यांनी तिकिटं काढली, त्यांत त्यांचा जावईही होता. तो सुतार. लेक आणि दीड वर्षाची नात त्याच्याबरोबर जाणार होत्या.

बोट सुटायला दहा दिवस असताना खिडकीशी एक माणूस आला. बॉयलरवर बारा वर्षं काढलेली, आता कुठलंही काम चालेल म्हणाला. कुठली बोट बंद पडली, असं बाईंनी सहज विचारलं. बंद नाही पडली, म्हणाला, मीच सोडली. बोट तीच, दोन धुराड्यांची. बोटीवरच्या साहेबाशी वाजलं असेल, असं बाईंना वाटलं. दोन दिवसांनी त्याच बोटीवर इंजिनाला तेल घालणारा आला. त्यानेही आपणहून सोडलेली. त्या दिवशी बाई दोन्ही चिठ्ठ्या घेऊन वर माझ्या टेबलाशी आल्या.

“लोक नोकरीसाठी पाया पडताहेत,” त्या म्हणाल्या, “आणि हे दोघं हातची सोडून आले. का?”

मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. शुक्रवारी तिसरा आला, तो खुद्द इंजिनमिस्त्री. केस पिकलेले, वीस वर्षं त्याच बोटीवर. बाईंनी चिठ्ठी हातात घेतली, पण पावती फाडली नाही.

“माझी लेक त्या बोटीने जाणार आहे,” त्या म्हणाल्या. “कडेवर पोर आहे तिच्या.”

मिस्त्रीने मागे वळून रस्ता पाहिला. “बॉयलरच्या नळ्या सडल्यात. ठिगळावर ठिगळ मारून चालवताहेत. नीट करायचं तर बोट महिनाभर उभी ठेवावी लागेल, आणि मालक एक फेरी चुकवायला तयार नाहीत. लेकीला पाठवू नका. पण हे मी बोललो नाही.”

बाई तशाच उठून साहेबांच्या खोलीत गेल्या. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि दार लावलं. पुरावा काय, विचारलं. तीन माणसं, बाई म्हणाल्या. तीन बेकार माणसं, साहेब म्हणाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, “हे अर्धं पान गेलं, तर पुढच्या महिन्यात घरी कुणाकुणाला पाठवू, ते तुम्हीच सांगा, बाई.” खाली येऊन बाईंनी पेन उचललं आणि तसंच परत ठेवलं.

बंदराच्या तपासणी कचेरीतही त्या जाऊन आल्या. तिथल्या कारकुनाने मिस्त्रीच्या सहीची लेखी तक्रार मागितली. मिस्त्री सही करेना. सही केली तर कुठलीच बोट मला उभं करणार नाही, म्हणाला. घरी जावयाने समजूत घालायचा प्रयत्न केला. ठरल्या तारखेला पोचलं नाही तर काम दुसऱ्याला जाणार होतं. “आई, सुखरूप हा शब्द तुम्हीच लिहिलात ना?” तो म्हणाला. लेक नुसती पोरीला थोपटत बसली.

त्या दिवसांत बाई नीट जेवल्या नाहीत. नोकरी गेली तर काय, आणि बोट गेली तर काय, या दोन भीतींमध्ये त्यांची अडकित्त्यातली सुपारी झाली होती. सोमवारी त्या पुन्हा मिस्त्रीच्या घरी गेल्या. खोटं एक अक्षर लिहिणार नाही, त्यांनी सांगितलं. तुम्ही कुठे होतात आणि आपणहून सोडलंत, एवढंच. ती तर तुमची जाहिरातच आहे. मिस्त्री उरलेल्या दोघांना विचारून यायला निघाला. तिघंही हो म्हणाले.

मंगळवारी दुपारी बाईंनी जुळाऱ्याला तिन्ही जाहिराती एकाखाली एक, बोटीच्या अर्ध्या पानाला लागूनच जुळवायला सांगितल्या. त्याने चष्मा कपाळावर सरकवला आणि हे कोणी सांगितलं, एवढंच विचारलं. “मीच सांगतेय,” बाई म्हणाल्या. त्याने शिशाचे खिळे उचलले.

प्रूफ माझ्याकडे आलं. ‘दोन धुराड्यांच्या बोटीवरील इंजिनमिस्त्री. वीस वर्षे सेवा. नुकतीच स्वखुशीने नोकरी सोडली. कोणतेही काम हवे.’ खाली बॉयलरवाला, त्याखाली तेलवाला, तिघांचीही बोट तीच आणि तिघांनीही स्वखुशीने सोडलेली. मी तीनदा वाचलं. चूक एकही नव्हती. हे साहेबांना दाखवणं माझं काम होतं. माझ्याही घरी चार तोंडं होती. तरी सही करून पान खाली पाठवलं. मी शूर होतो म्हणून नव्हे. बाई दारात उभ्या होत्या आणि त्यांच्याकडे बघून मला नाही म्हणता आलं नाही.

बुधवारी सकाळी खिडकीपुढे रांग लागली. हातात जाहिराती नव्हत्या, बोटीची तिकिटं होती. हे खरं का, असं जो तो विचारत होता. “छापलंय तेवढं खरं आहे,” बाई प्रत्येकाला सांगत होत्या. त्यापुढे एक शब्द नाही. दुपारी एजंट तणतणत आला. साहेबांच्या बंद दाराआडून नुसते आवाज ऐकू येत होते. मग बाईंना बोलावणं आलं. बाहेर आल्या तेव्हा चेहरा पांढराफटक. महिनाअखेरपर्यंत बसा म्हणाले, त्यांनी मला सांगितलं.

गुरुवारी बोट सुटली. नेहमीच्या मानाने तिसरा हिस्सा माणसं होती. लेक शेवटच्या क्षणी धक्क्यावर अडून बसली, पोरीला घेऊन मी चढणार नाही म्हणाली. जावई एकटाच वर गेला. बाई निरोप द्यायला गेल्याच नाहीत. भोंगा खिडकीपर्यंत ऐकू आला तेव्हा त्या कुणाची तरी चिठ्ठी वाचत होत्या. त्या ओळीवरून त्यांचं बोट पुढे सरकलं नाही.

प्रवास तीस तासांचा. शुक्रवार संपला तरी बोट पोचल्याची तार आली नाही. शनिवार सकाळही तशीच गेली. लेक पोरीला घेऊन खिडकीशेजारच्या बाकावर येऊन बसली. बाईंच्या हातच्या मजकुरात त्या दिवशी मला पहिल्यांदा चुका सापडल्या. एका स्वयंपाक्याच्या जाहिरातीत त्यांनी ‘पाणी’ हा शब्द दोनदा लिहिला होता. खाली जाऊन विचारायचा धीर मला झाला नाही. मी गुपचूप खोडला.

तार आली दुपारी तीनला. मधल्या समुद्रात नळी फुटली होती. बोट दिवसभर वाहत राहिली आणि एका मालवाहू जहाजाने तिला ओढत पलीकडे नेलं. प्रवासी वाचले. बॉयलरपाशी उभा असलेला एक कोळसेवाला भाजून मेला. बाई खुर्चीतून उठल्या, लेकीपाशी जाऊन बसल्या, आणि मग दोघी रडल्या.

जावयाचं पत्र पुढच्या आठवड्यात आलं. एरवी गर्दीच्या फेरीला बायकापोरांची कुटुंबं इंजिनखोलीच्या वरच्या उबदार फळ्यांवर पथारी पसरतात. या खेपेला तिथे कोणीच नव्हतं. वाफ त्याच फळ्या फोडून वर आली. त्याने एवढंच लिहिलं होतं, पुढे काही नाही.

मेलेला माणूस बोटीवर नवा होता. बाईंनी मागचे अंक काढून शोधलं. तिघांनी सोडल्यावर कंपनीने माणसं भरली ती आमच्याच ‘काम हवे’मधून. त्याची जाहिरात सात शब्दांची होती. मूळ नऊ होते, दोन बाईंनी कमी करून दिले होते. “त्याला मी काम मिळवून दिलं,” त्या म्हणाल्या.

पुढे चौकशी बसली. साहेबांनी आमचं ते पान चौकशीवाल्यांपुढे ठेवलं आणि आमच्या दैनिकाने वेळीच इशारा दिला होता, असं छातीठोकपणे सांगितलं. त्यानंतर महिनाअखेरीचा विषय पुन्हा कोणी काढला नाही.

लेक नंतर दुसऱ्या कंपनीच्या बोटीने नवऱ्याकडे गेली. दोन वर्षांनी बाईही तिला भेटायला निघाल्या. मी त्यांचं सामान घेऊन धक्क्यावर गेलो होतो. शिडीपाशी एक काळवंडलेला बॉयलरवाला विडी ओढत उभा होता. किती वर्षं आहात या बोटीवर, बाईंनी त्याला विचारलं. नऊ, तो म्हणाला. सोडावीशी वाटली का कधी? “पगाराच्या दिवशी दर महिन्याला वाटते,” तो म्हणाला. बाई पहिल्यांदाच हसल्या आणि वर चढल्या.

तीस तास त्या कठड्याशी पिशवी मांडीवर घेऊन बसल्या, डोळ्याला डोळा लागला नाही. परत मात्र जमिनीच्या रस्त्याने, किनाऱ्याला वळसा घालून आल्या. चार दिवस लागले.